वायर दिसू नये, पण सापडावी!

घरात नवी फरशी घालायची ठरली की महिनाभर चर्चा चालते ती रंगाची. पांढरी लवकर मळते, गडद फरशीवर धूळ उठून दिसते, फार चकचकीत घेतली तर आजी घसरतील. नमुने घरी येतात, शेजारच्या काकू मत देऊन जातात आणि एकदाचा फरशीचा टेम्पो सोसायटीच्या फाटकाशी उभा राहतो. पुढे फरशी बसते, सांधे भरले जातात, सोफा जागेवर येतो आणि मग घरातला गाण्यांचा शौकीन हळूच विचारतो, "मागच्या स्पीकरची वायर कुठून न्यायची?"

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. रेडिओ म्हणजे एकच पेटी आणि स्पीकर तिच्या पोटात. स्टिरिओने दोन पेट्या केल्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीस डीव्हीडी आली आणि तिच्यामागोमाग पुढे तीन, मागे दोन आणि कोपऱ्यात धमधमणारा एक वूफर अशी सहा जणांची पलटणच दिवाणखान्यात शिरली. पुढच्या तिघांचे काही अडत नाही, ते टीव्हीशेजारीच बसतात. अडचण असते सोफ्यामागच्या दोघांची. त्यांची वायर खोली ओलांडून न्यावी लागते.

ती उघड्यावर राहिली तर नुसती वाईट दिसते असे नाही. रात्री पाणी प्यायला उठलेल्या म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकायला एक सैल वायर पुरते आणि त्या वयात मोडलेले हाड सहजी जुळत नाही. गालिच्याखाली लपवली तर रोज पायाखाली येऊन तिचे आवरण फाटते. आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या की ॲम्प्लिफायर जळू शकतो.

म्हणूनच जुनी फरशी निघाली आणि नवी बसायची आहे, ते चार-सहा दिवस मोलाचे. एरवी वीस-वीस वर्षे बंद असणारी जमीन तेव्हा उघडी असते. मिस्त्रीला त्याचे काही वाटत नाही. "नंतर बघू की साहेब, वरून पट्टी मारून देऊ," असे त्याचे ठरलेले उत्तर असते. त्याला घाई फरशीची आणि वायरमन येणार दोन दिवसांनी! या दोघांना एकाच सकाळी समोरासमोर उभे केले तर निम्मे काम झालेच म्हणायचे.

आता मुख्य गोष्ट. फरशीखाली वायर पुरायची नसते, पाइप पुरायचा असतो. सिमेंटच्या मालात थेट गाडलेली वायर खराब झाली, आत तुटली किंवा उद्या दुसऱ्या जातीची हवी झाली, तर फरशी फोडण्यावाचून इलाज उरत नाही. पीव्हीसी पाइप असला तर जुनी ओढून काढावी, तिच्याच शेपटाला नवी बांधून आत घ्यावी. पाइप २५ मिलिमीटरचा घ्यावा. एका जोडीला २० मिलिमीटरचाही पुरतो, पण आज दोन स्पीकर आहेत, उद्या तिथेच वूफर ठेवावासा वाटेल. पाइप निम्म्याहून कमीच भरावा, म्हणजे वायर अडकत नाही. वळणावर काटकोनी एल्बो न लावता लांब गोलाईचा बेंड लावावा आणि दोन टोकांमध्ये अशी वळणे दोनपेक्षा जास्त ठेवू नयेत. पाइप बसवतानाच आत एक नायलॉनची दोरी ओवून ठेवावी. तोंडे मात्र कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करावीत, नाहीतर कामाच्या धांदलीत पातळ सिमेंट आत उतरते आणि सगळाच खटाटोप वाया जातो.

पाइप बसतो तो फरशीखालच्या मालाच्या थरात. हा थर दीड-दोन इंचाचा असेल तर पाइप आरामात मावतो. मात्र त्याच्या दोन्ही बाजूंना माल नीट ठासून भरायला हवा. पोकळी राहिली तर वरची फरशी 'डबडब' वाजते आणि कपाटाच्या वजनाने तडकते. थर कमी पडतो म्हणून कारागीर छिन्नी घेऊन खालच्या स्लॅबलाच खाच पाडू लागला तर त्याला तिथेच थांबवावे. स्लॅबमधल्या सळया वरच्या पृष्ठभागापासून जेमतेम २० मिलिमीटरच्या आसपास असतात. स्पीकरसाठी इमारतीच्या हाडांना हात लावणे हा शहाणपणा नव्हे.

पाइप कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका टाकला तर वायर थोडी वाचते, पण कशाला? भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून, भिंतीला समांतर आणि काटकोनात न्यावा. पुढे कोणी जमिनीत खिळा ठोकायला आला तर पाइप कुठे असेल याचा अंदाज तरी बांधता येतो. पाइपाचे तोंड फरशीत उघडू नये. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, पाणी आत जाणारच. ते भिंतीत, जमिनीपासून फूटभर वर, छोट्या खोक्यात काढावे. विजेच्या वायरी त्याच पाइपात कधीही घालू नयेत. २३० व्होल्टच्या वायरचे आवरण फाटले तर तो प्रवाह थेट स्पीकरपर्यंत आणि त्याला हात लावणाऱ्या मुलापर्यंत पोहोचू शकतो. दोन्ही पाइपांत फूटभर अंतर असावे; एकमेकांना ओलांडायचेच झाले तर काटकोनात ओलांडावे.

जुन्या फरशीवरच नवी चिकटवायची असेल तर मात्र हा सगळा बेत बाद. तिथे चिकटवण्याचा थर अवघा काही मिलिमीटरचा असतो. मग आधार घ्यायचा स्कर्टिंगचा. जुने स्कर्टिंग काढले की भिंतीच्या पायथ्याशी खाच घेऊन पाइप आत घालता येतो आणि नव्या स्कर्टिंगने तो झाकला जातो. लाकडी लॅमिनेटच्या जमिनीत सोय आयतीच असते. पावसाळ्यात लाकूड फुगते म्हणून भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटरची फट सोडतात. त्या फटीत वायर ठासून भरू नये, फळ्यांना हलायला जागा उरत नाही. मागून पोकळ असलेली स्कर्टिंगची पट्टी मिळते, ती वापरावी. सुताराला फक्त सांगून ठेवावे की खिळे वरच्या कडेलाच मारायचे.

आणि वायर कोणती? दुकानात सोन्याच्या मुलाम्याची भाषा सुरू झाली की सरळ चौकोनी मिलिमीटर विचारावेत. १० मीटर लांबीची वायर म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर तांबे. १ चौरस मिलिमीटर जाडीत त्याचा रोध सुमारे ०.३५ ओहम भरतो, तर अडीच चौरस मिलिमीटरमध्ये फक्त ०.१४. वायरचा रोध स्पीकरच्या रोधाच्या विसाव्या हिश्श्याच्या आत असला की पुरे, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ आणि ४ ओहमच्या स्पीकरला ०.२. जमिनीखाली जायची ती अडीचचीच घ्यावी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाचा परिसर, दिल्लीत लाल किल्ल्यासमोरचे लजपतराय मार्केट, चेन्नईत रिची स्ट्रीट, अशा बाजारांत ती मीटरवर मिळते. एक टोक ब्लेडने खरवडून पाहावे. आत पांढरी चमक दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. त्याचा रोध तांब्याच्या दीडपट असतो. पारदर्शक आवरणाची जोडवायर बरी, पुढे कोणी तिला विजेची वायर समजत नाही.

बिनतारी स्पीकर आणले की हा त्रासच नको, असे म्हणणारेही भेटतात. पण त्या स्पीकरलाही वीज लागतेच! म्हणजे सोफ्यामागे प्लग हवाच आणि त्याची वायरही फरशीच्या आधीच न्यायला हवी.

फरशी बसण्यापूर्वी वायर ओढून घ्यावी आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेऊन एक साधी परीक्षा करावी. स्पीकर या टोकाला जोडून, दुसऱ्या टोकाला सेल क्षणभर टेकवावा. 'खट्' आवाज आला तर वायर अखंड आहे. सेलचे धन टोक स्पीकरच्या लाल खुणेकडे जात असेल तर वूफरचा पडदा बाहेर येतो, उलटे असेल तर आत जातो. दोनपैकी एक स्पीकर उलटा जोडला गेला तर तबल्याचा डग्गा पोचट वाजतो आणि दोष बिचाऱ्या स्पीकरला दिला जातो.

मग पाइपाशेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढावा. भिंतीपासूनची अंतरे लिहून एका कागदावर नकाशा करावा आणि त्याची झेरॉक्स मेन स्विचच्या खोक्याच्या दाराला आतून चिकटवावी. पुढे कधी कपाट बसवायला आलेला सुतार ड्रिल घेऊन भिंतीशी खाली बसला, की आधी त्याला तो कागद दाखवता येतो.