नीलगाय आणि आपली जीवदया

परदेशीपुऱ्यात आमचे घर असून धान्याचा घाऊक व्यापार हा आमचा वडिलोपार्जित धंदा आहे. जन्मभर आम्ही मंडीतील धान्याचे ढीग पाहिले. परंतु ते धान्य ज्या शेतात पिकते तिकडे आमचे पाऊल क्वचितच वळले. ही उणीव एका वन्य पशूने आमच्या ध्यानात आणून दिली. तो पशू म्हणजे नीलगाय. माळव्यातील शेतकरी तिला रोजडा म्हणतात, तर विदर्भात ती रोही या नावाने ओळखली जाते.

नावात गाय असली, तरी हा पशू गाय नव्हे आणि घोडाही नव्हे. आशिया खंडातील कुरंगवर्गीय प्राण्यांत तो सर्वांत मोठा असून चौशिंगा हा त्याचा जवळचा आप्त होय. त्याच्या शास्त्रीय नावात ग्रीक व लॅटिन भाषांतील बैल, हरीण, बोकड आणि उंट असे चार शब्द एकत्र गुंफले आहेत. यावरून नामकरण करणारे पंडितही किती गोंधळले असतील, हे वाचकांच्या लक्षात येईल. नराचा रंग निळसर राखी व मादीचा पिंगट असतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन २०० किलोहूनही अधिक भरते. शिंगे नरालाच असतात आणि तीही वीतभर. सांबराची शिंगे ठरावीक काळाने गळून पुन्हा उगवतात. याची मात्र जन्मभर टिकतात. दोन नर झुंजताना पुढचे गुडघे टेकून एकमेकांची मान रेटतात. मादी सुमारे आठ महिने गर्भ वाहते आणि पुष्कळदा तिला जुळी होतात. हा पशू पाण्यावाचून बराच काळ राहू शकतो आणि घनदाट अरण्यापेक्षा झुडपी माळरान पसंत करतो. एकाच जागी पुनःपुन्हा लेंड्या टाकण्याची त्याची सवय असून त्या ढिगांतून बियाही रुजतात. परंतु माळरानेच नांगराखाली गेल्यावर त्याने चरावे कोठे?

काही वर्षांपूर्वी देवासकडील एक शेतकरी, ज्याचा हरभरा दरसाल गाडी भरून येई, तो मोजकीच पोती घेऊन आमच्याकडे आला. रोजड्यांनी घाटे भरण्याआधीच पीक फस्त केले होते. कुंपणाच्या तारेत वीज सोडण्यासाठी त्याला उचल हवी होती. आम्ही त्यास अहिंसेवर चांगले अर्धा तास ऐकवले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि तो म्हणाला, “शेठजी, दया तुमची आणि पीक माझे, हा कुठला हिशेब?”

वहीखात्यात आयुष्य घालविलेल्या आम्हांस या हिशेबाचे उत्तर देता आले नाही.

पुढल्याच आठवड्यात आम्ही त्याच्या शेतावर मुक्काम केला. थंडीने हातपाय आखडले होते. तो व त्याचा मुलगा माचाणावर आळीपाळीने डबा वाजवीत जागत होते. पहाटे हरभऱ्यात सात-आठ माद्या व दोन पाडसे उभी दिसली. पाडसे आईच्या अंगाशी बिलगून होती. त्या क्षणी आम्हांस दोन्ही पक्ष खरे वाटले. वीज सोडणार नाही, असा शब्द घेऊन आम्ही त्यास उंच जाळीच्या कुंपणासाठी बिनव्याजी रक्कम दिली. त्याचे शेत वाचले. पण कळप शेजाऱ्याच्या गव्हात शिरला. एकट्याच्या दयेची धाव एवढीच!

बिहारमध्ये २०१६ साली मोकामा भागात नेमबाज बोलावून २०० हून अधिक नीलगायी मारण्यात आल्या. याउलट आपल्या मध्य प्रदेशात २०२५ साली शाजापूर जिल्ह्यात हेलिकॉप्टरच्या साहाय्याने कळप हाकून नरसाळ्याच्या आकाराच्या बंदिस्त वाटेत, म्हणजे ‘बोमा’त घेण्यात आले आणि ९०० हून अधिक काळवीट व नीलगायी पकडून अभयारण्यांत सोडण्यात आल्या. न मारता मार्ग निघतो. मात्र त्यास खर्च येतो, आणि तो कोणीतरी सोसावा लागतो.

भगवान नेमिनाथांनी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून विवाहमंडपातून रथ माघारी फिरविला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यांनी त्याग केला तो स्वतःच्या सुखाचा, शेजाऱ्याच्या नव्हे, हे मात्र आम्हांस साठी उलटल्यावर उमगले. तरी व्यापारी बंधूंस आमची नम्र सूचना आहे की, आपल्या मंडळाने जीवदयेच्या निधीतून काही भाग, ज्यांचे धान्य आपण विकतो त्या शेतकऱ्यांच्या सलग शेतांना सामायिक कुंपण घालण्यासाठी राखून ठेवावा. दयेचे खाते आपल्या नावे असेल, तर खर्चही आपल्याच नावे पडला पाहिजे.