गाडी थरथरते, पण कधी?

पुष्कळ घरांत जुनी मोटार आता बाईच्या ताब्यात असते. नवी गाडी ऑफिसला जाते आणि जुनी मुलांच्या क्लासला, भाजीला, सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यायला धावते. अशी गाडी एक दिवस थरथरायला लागते. आपण गॅरेजात जाऊन सांगतो, “गाडी हलते हो.” एवढ्या सांगण्यावर मिस्त्री तरी काय करणार? तो अंदाजाने एकेक भाग बदलत जातो, बिल वाढत जाते आणि थरथर आहे तिथेच राहते.

मैत्रिणींनो, तापाचंच बघा ना. डॉक्टर आधी विचारतात, ताप कधी चढतो? थंडी वाजून येतो का? गाडीचेही तसेच आहे. थरथर कधी येते आणि कुठे जाणवते, ही दोन उत्तरे जवळ असली की निम्मे निदान घरीच झाले. त्यासाठी हात काळे करावे लागत नाहीत.

पहिली तपासणी उभ्या गाडीची. मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिन चालू करा. इथेच गाडी थरथरत असेल तर चाकांकडे बघायला नको. स्पार्क प्लग खराब होऊन एखादा सिलिंडर नीट काम करत नसेल, किंवा इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसवलेले असते ते दबले वा फाटले असेल. मिक्सरच्या तळाचं रबर झिजलं की तो ओट्यावर कसा नाचतो, अगदी तसंच! मात्र १९८३ ते २०१४ या काळात बनलेली मारुती ८०० तुमच्याकडे असेल, तर घाबरू नका. तीन सिलिंडरची गाडी उभी असताना थोडी थरथरतेच. नेहमीपेक्षा जास्त आहे का, एवढेच पाहायचे.

दुसरी तपासणी मोकळ्या, सरळ रस्त्यावर, शेजारी कुणाला तरी बसवून. समजा, ५० च्या वेगाला थरथर येते. तोच वेग एकदा तिसऱ्या गिअरमध्ये आणि एकदा चौथ्यात ठेवून पाहा. दोन्ही वेळा सारखीच थरथर असेल तर दोष बहुधा चाकांकडे. गिअर बदलताच ती बदलली तर इंजिनकडे. चालत्या गाडीची किल्ली बंद करून पाहण्याचा सल्ला मात्र कुणी दिला तरी मुळीच ऐकू नका. ब्रेक जड होतो आणि स्टिअरिंगला कुलूपही लागू शकते.

चाकांची थरथर बहुधा ७० च्या पुढे जाणवते. स्टिअरिंग हातात थरथरले तर पुढची चाके आणि बसायची सीट थरथरली तर मागची, असा साधारण हिशेब. नेहमीचे कारण म्हणजे चाकाचा तोल. वॉशिंग मशीनमध्ये ओली चादर एका बाजूला गोळा झाली की मशीन कशी धडधडते! रिमला लावलेले छोटेसे वजन गळून पडले तरी चाकाचे तेच होते.

आमच्या गाडीला गेल्या पावसाळ्यानंतर असाच कंप सुटला. गॅरेजात पहिला प्रश्न, “साहेब नाही आले?” आणि दुसरे वाक्य, “सस्पेन्शन बदलावं लागेल.” मी शाळेत मुलांकडून प्रयोगाची निरीक्षणे लिहून घेते, तीच सवय इथे कामी आली. वही पुढे केली. “७० च्या पुढे. फक्त स्टिअरिंग. सगळ्या गिअरमध्ये. गावाहून आल्यापासून.” मग पुढची चाके काढली. एका रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचा वाळलेला थर बसला होता! चाक धुऊन, बॅलन्सिंग करून गाडी शांत झाली. सस्पेन्शन जुनेच आहे.

एक घोटाळा नेहमी होतो. बॅलन्सिंग वेगळे आणि अलाइनमेंट वेगळे. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजत असतील तर अलाइनमेंट. थरथरीवर पहिला उपाय बॅलन्सिंगचा. दोन्हींचे पैसे देण्याआधी विचारा.

अगदी हळू, २०-३० च्या वेगालाही गाडी डुलत असेल तर टायर बघा. कडेला फुगा आला आहे का? टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. गाडी कमी चालली म्हणून टायर तरुण राहत नाही, बरं का!

ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल आणि पायाखाली पेडल उसळत असेल, तर ब्रेकची डिस्क किंवा ड्रम एकसारखा राहिलेला नाही. वाकडा तवा शेगडीवर डगमगतो, त्यातला प्रकार. पहिल्या गिअरमध्ये गाडी सुटतानाच झटके बसत असतील तर क्लच किंवा माउंटिंग. वळताना कटकट आवाज येत असेल तर पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्टचा जॉइंट. त्यावरचे रबरी बूट फाटले की ग्रीस बाहेर पडते आणि धूळ आत जाते. बूट फाटल्याचे वेळेवर कळले तर पुष्कळदा जॉइंट वाचतो.

या सगळ्या सावकाश करण्याच्या तपासण्या झाल्या. पण तीन वेळा गाडी पुढे न्यायचीच नाही. थरथर अचानक सुरू झाली, पंक्चर काढल्यावर किंवा चाक बदलल्यावर सुरू झाली, किंवा टायरला फुगा दिसला, तर गाडी कडेला घ्या. आधी चाकाचे नट पाहा. ढिला नट म्हणजे निघू पाहणारे चाक! चाक बदलले की नट समोरासमोरचे आवळायचे आणि थोडे अंतर चालवून पुन्हा एकदा तपासायचे. फुगा असेल तर तिथेच स्टेपनी लावा. स्टेपनीत हवा आहे ना, हे मात्र आजच बघून ठेवा.

गाडीच्या खणात एक छोटी वही ठेवा आणि एवढे लिहा:

१. किती वेगाला थरथर येते आणि पुढे वाढते की जाते?
२. स्टिअरिंग, सीट की पेडल?
३. उभ्या गाडीत येते का?
४. ब्रेक दाबताना, वळताना की चढावर?
५. कधीपासून, आणि त्याआधी काय झाले होते? खड्डा, पंक्चर, चिखल?

एका वेळी एकच काम करून घ्या आणि मग पुन्हा चालवून पाहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरे वाटले ते कधीच कळत नाही. आणि काढलेला जुना भाग मागून घ्यायला लाजू नका. वही हातात असली की गॅरेजात साहेबांची चौकशी होत नाही. तुमचे ऐकून घेतात.