आजीचा फोटो, दारातल्या उजेडात

लिंबायतमधील आपल्या पुष्कळ घरांत आजी-आजोबांच्या फोटोची शोधाशोध होते ती ते गेल्यावर. मग लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा करतात आणि हार घातलेल्या तसबिरीत आजी धड ओळखूही येत नाही. म्हणून आम्ही एक प्रयोग केला. फ्लॅश न वापरता, नुसत्या दारातल्या उजेडात एका विद्यार्थ्याच्या आजींचे फोटो काढले.

विजेच्या दिव्यांआधी फोटो असेच निघत. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामवंत छायाचित्रकार. तेव्हा सारी भिस्त सूर्यप्रकाशावर असे आणि माणसाला काही सेकंद न हलता बसावे लागे.

प्रथम आजींना दाराकडे पाठ करून बसवले, तर चेहरा काळा आला. उन्हात बसवले, तर डोळे मिटू लागले. शेवटी उंबऱ्यापासून दोन हात आत, दाराकडे जरा तिरके बसवले. एक गाल उजळला, दुसऱ्यावर हलकी सावली आली. सावली गडद वाटली तेव्हा त्या बाजूला पांढरी चादर धरली. ट्यूबलाइट बंद ठेवली, कारण दोन तऱ्हेचे उजेड मिसळले की चेहऱ्याचा रंग बिघडतो.

आता कॅमेऱ्याविषयी. अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगातले छिद्र. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. शटर किती वेळ उघडे राहते यावरही उजेड ठरतो. आयएसओ वाढवला की कमी उजेडात भागते, पण फोटोत दाणे दिसतात. आम्ही अ‍ॅपर्चर ४, शटर १/६० सेकंद आणि आयएसओ ४०० ठेवले. शटर १/१५ वर नेले तेव्हा हात हलून फोटो पुसट आला.

डोक्यावर पांढरा पदर असेल तर कॅमेरा फसतो व सगळेच गडद करतो. अशा वेळी एक्सपोजर +१ करावे. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड वाढवता येतो. चेहरा गोरा करणारी सोय मात्र बंद ठेवावी.

दार पूर्वेला असेल तर दुपारनंतर, पश्चिमेला असेल तर सकाळी फोटो काढावा.

फोटो पाहून आजी म्हणाल्या, "हाई मीच शे का?" तुम्हीही येत्या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांना दारात बसवा. फोटो छापून घ्या आणि मागे नाव व तारीख लिहायला विसरू नका.