वाढत्या अंगाची माया : मुलांच्या जुन्या कपड्यांची दुरुस्ती आणि आपले दान

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. त्याच सुमारास किहीमच्या किनाऱ्यावर पाऊस स्थिरावतो आणि घरोघरी ट्रंकांतून व कपाटांतून मुलांचे कपडे बाहेर निघतात. गेल्या वर्षीची विजार घोट्याच्या वर आलेली असते, सदऱ्याची दोन बटणे गळालेली असतात, गुडघ्यापाशी कापड विरलेले असते. अशा वेळी आईवडिलांना बहुधा दोनच मार्ग दिसतात : नवे विकत घेणे आणि जुने कोणाला तरी देऊन टाकणे. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे. तो आपल्या आजीला ठाऊक होता. तो म्हणजे दुरुस्तीचा. या मार्गाचा विचार आम्ही येथे काटकसरीच्या दृष्टीने करणार आहोतच, परंतु त्याहून अधिक एका ख्रिस्ती कर्तव्याच्या दृष्टीने. कारण मुलाचा जुना कपडा नीट करणे ही दानाची पहिली पायरी आहे, असे आम्हांस वाटते.

'माया' या शब्दाचे दोन अर्थ

शिंपी कापड बेतताना शिवणीच्या बाहेर जे जादा कापड ठेवतो, त्याला आपल्याकडे 'माया' म्हणतात. 'वाढत्या अंगाचे शिवा' असे सांगितले की तो मुलाच्या झग्याला किंवा विजारीला अधिक माया सोडतो. मूल वाढेल हे गृहीत धरून, पुढच्या वर्षाची सोय आजच दुमडून ठेवायची, असा हा विचार. प्रेमाला आणि शिवणीतल्या जादा कापडाला एकच शब्द वापरणारी आपली भाषा खरोखर मार्मिक आहे.

पवित्र शास्त्रातही अशी एक माता आहे. हन्नाने नवसाने मिळालेला आपला पुत्र शमुवेल शिलो येथे देवाच्या सेवेला वाहिला. पुढे दरवर्षी यज्ञासाठी तेथे जाताना ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेत असे (१ शमुवेल २:१९). वर्षभर दृष्टीआड असलेल्या बाळाचे माप तिने कसे धरले असेल? मुलगा किती वाढला असेल याचा अदमास घेऊनच तिने तो झगा बेतला असणार.

साधारणतः तीन ते दहा वर्षांच्या वयात मूल दरवर्षी पाच-सहा सेंटिमीटर वाढते. म्हणून खालच्या दुमडीत सहा-आठ सेंटिमीटर कापड असेल, तर फ्रॉक किंवा विजार वर्षभर सहज अधिक चालते. हल्लीच्या तयार कपड्यांत मात्र ही माया जवळजवळ नसते. शिवणीलगत कापड कापून टाकलेले असते. तेव्हा खाली दुसऱ्या कापडाची पट्टी जोडणे, लांब विजारीची अर्धी चड्डी करणे, आखूड झालेला फ्रॉक सदऱ्यासारखा विजारीवर घालणे असे उपाय योजावे लागतात. दुमड सोडल्यावर जुन्या घडीची रेघ दिसते. तिच्यावर एखादी फीत लावली की ती झाकली जाते आणि कपड्याला शोभाही येते.

नव्या कापडाचे ठिगळ

कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला कोणी लावत नाही, हा प्रभू येशूचा दृष्टान्त आपण अनेकदा ऐकतो (मार्क २:२१). त्याचा आध्यात्मिक अर्थ प्रवचनातून सांगितला जातो; पण त्यामागील व्यवहार आज अनेकांना उमगत नाही. विणताना सुती धागे ताणलेले असतात. पहिल्या धुण्यात तो ताण सुटतो आणि कापड आटते. जुना सदरा पूर्वीच आटून गेलेला असतो. त्यावर कोरे ठिगळ लावले, तर पुढच्या धुण्यात ठिगळ आकसते, भोवतालच्या विरलेल्या कापडाला खेचते आणि पहिल्यापेक्षा मोठे भोक पडते. नाझरेथच्या साध्या घरात वाढलेल्या प्रभूच्या बोलण्यात ही घरगुती जाण सहज उतरली आहे.

यावरून दुरुस्तीचा पहिला नियम मिळतो : ठिगळाचे कापड आधी भिजवून, धुऊन, वाळवून घ्यावे. शक्यतो त्याच जातीचे व तेवढेच जुने कापड घ्यावे; पातळ सदऱ्यावर जीन्सचा जाड तुकडा लावल्यास तोही कडेने कापड फाडतो. ठिगळ आतल्या बाजूने, भोकाच्या चहूबाजूंनी शाबूत कापडापर्यंत पोहोचेल एवढे मोठे असावे. त्याचा उभा व आडवा धागा मूळ कापडाच्या धाग्याशी जुळवावा. कोपरे गोलसर कापावेत, म्हणजे ते उसवत नाहीत.

कपडे कोठे फाटतात?

मुलांचे कपडे सर्वत्र सारखे झिजत नाहीत. गुडघे, कोपर, बसण्याची जागा, जांघेतली शिवण, खिशाचे कोपरे आणि कॉलरची घडी या जागा आधी जातात. उरलेला कपडा शाबूत असतो. म्हणून भोक पडेपर्यंत वाट न पाहता, कापड पातळ दिसू लागताच आतून अस्तर लावावे. फाटलेला कपडा शक्यतो धुण्याआधी शिवावा. धुताना पिळण्याने व आपटण्याने चीर वाढत जाते.

लहान भोकाला रफू पुरते. प्रथम उभे धागे जवळजवळ घालावेत आणि मग आडवा धागा एकाआड एक वरून-खालून ओवत जावे. हे म्हणजे सुईने केलेले विणकामच होय. धागा ओढून घट्ट करू नये, नाहीतर कापडाला सुरकुती पडते. ताणल्या जाणाऱ्या टी-शर्टला साधी सरळ टीप चालत नाही, कारण कापड ताणले की दोरा तुटतो. त्यासाठी नागमोडी टीप घालावी. चड्डीचे इलॅस्टिक सैल झाले की सगळी चड्डी टाकून दिली जाते. वास्तविक नेफ्याची शिवण दोन बोटे उसवून, सेफ्टी पिनेने नवे इलॅस्टिक ओवले की काम होते. अडकणाऱ्या चेनवर मेणबत्तीचा तुकडा घासावा. अगदी तान्ह्या बाळाच्या कपड्यांना मात्र बटणांऐवजी मऊ बंद बरे. बटण सैल झाले की बाळ ते तोंडात घालते. मानेपाशी लांब नाडीही नसावी.

किनाऱ्यावरील घरांत आणखी एक शत्रू असतो : खारी, दमट हवा. लोखंडी हूक व पिना गंजतात आणि पांढऱ्या कापडावर तांबूस डाग पाडतात. खळ घातलेले कपडे ठेवून दिले तर त्यांना कसर लागते. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलेल्या कपड्यांवर बुरशी चढते. म्हणून जे कपडे धाकट्यासाठी ठेवायचे, ते स्वच्छ धुऊन, खळ न घालता, उन्हात पूर्ण वाळवून, जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळावेत. पहिल्या कम्युनियनच्या पांढऱ्या पोशाखाबाबत ही काळजी विशेष घ्यावी. तो बहुधा एकदाच अंगावर चढतो. पण नीट जपला तर तो बहिणीच्या, चुलत बहिणीच्या आणि पुढे धर्मग्रामातील दुसऱ्या एखाद्या बालिकेच्या उपयोगी पडतो.

सुगरणीचे जुने घरटे

याच किहीममध्ये १९३० साली पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी सुगरण पक्ष्यांच्या विणीचा बारकाईने अभ्यास केला. गवताच्या पात्यांनी घरटे विणणारा हा पक्षी सर्वांना परिचित आहे. परंतु त्याने सोडून दिलेल्या घरट्यांत पुढे मुनियांसारखे छोटे पक्षी आपली पिल्ले वाढवितात, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. निसर्गात एकाचे जुने दुसऱ्याच्या कामी येते. पाच हजारांना भोजन दिल्यावर उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका, असे प्रभूनेही शिष्यांना सांगितले होते (योहान ६:१२).

जे कपडे दुरुस्तीपलीकडे गेले, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात गोधडी आहे. वारंवार धुतल्याने सुती कापड मऊ होते. म्हणूनच आजीच्या लुगड्याची दुपटी बाळाला सुखाची वाटतात. आपल्या कोकणपट्टीच्या दक्षिणेला, गोव्यापलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या सिद्दी समाजातील स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांपासून 'कवंदी' नावाची गोधडी शिवतात. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज; त्यांत हिंदू व मुसलमानांप्रमाणे कॅथलिकही आहेत. कॅथलिक स्त्रिया कवंदीवर क्रूस शिवतात. चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची 'फुले' लावल्याशिवाय ती पूर्ण झाली असे त्या मानीत नाहीत. टाकाऊ चिंध्यांच्या वस्तूलाही शेवटचे फूल हवेच, ही वृत्ती आम्हांस फार मोलाची वाटते.

दान देण्यापूर्वी

आणि येथेच आपल्याला स्वतःला एक प्रश्न विचारावा लागेल. नाताळपूर्व आगमनकाळात किंवा एखाद्या पुरानंतर धर्मग्रामांतून कपडे गोळा केले जातात. आलेल्या पिशव्या उघडल्या की त्यांत चांगले कपडे असतात, तसेच बटणे नसलेले सदरे, तुटलेल्या चेनच्या विजारी, न धुतलेले फ्रॉकही असतात. देणाऱ्याचे कपाट रिकामे होते. घेणाऱ्याच्या वाट्याला मात्र एक काम आणि एक अपमान येतो. मुले हे चटकन ओळखतात. दुसऱ्याचा सदरा घालण्यात लाज नाही; दुसऱ्याने टाकलेला सदरा घालावा लागण्यात आहे.

यापो येथील तबिथा मरण पावली, तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला तिने केलेली वस्त्रे दाखविली (प्रेषितांची कृत्ये ९:३९). तिच्या दानात तिच्या हातांचे श्रम होते. चौथ्या शतकात संत बासिल यांनी तर पेटीत पडून राहिलेला अंगरखा हा उघड्यावर असलेल्याच्या मालकीचा आहे, असे शिकविले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीवर टीका केली आणि योग्य हेतूने वस्तू पुन्हा वापरणे हे प्रेमाचे कृत्य ठरू शकते, असे सांगितले. आज हा विचार अधिकच निकडीचा आहे, कारण पॉलिएस्टरचे कपडे सुतासारखे मातीत कुजून जात नाहीत. ते वर्षानुवर्षे तसेच राहतात. परसात जाळले तर विषारी धूर होतो.

म्हणून आमची विनंती साधी आहे. कपडा देण्यापूर्वी तो आपल्याच मुलाच्या अंगावर घालून रविवारच्या मिस्साला नेता येईल का, हे पाहावे. येत असेल तरच द्यावा. येत नसेल तर आधी सुई-दोरा घ्यावा. आणि दुरुस्ती शक्य नसेल तर त्याची गोधडी किंवा पायपुसणे करावे, पण गरिबाच्या दारी पाठवू नये.

हे काम केवळ मातांचे नव्हे. संत पौल तंबू करण्याच्या व्यवसायावर पोट भरीत असे (प्रेषितांची कृत्ये १८:३); तेव्हा जाड कापडाला टाका घालणे पुरुषाला कमीपणाचे नाही. मुलामुलींना बटण लावण्यास आठव्या-नवव्या वर्षी शिकविता येते. किहीमपासून कोर्लईपर्यंत आणि पलीकडे मुंबई-वसईतही प्रत्येक धर्मग्रामात शिवणयंत्र चालविणारे हात आहेत. शाळा उघडण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी मिस्सानंतर सभागृहात दोन यंत्रे मांडावीत, बटणांचा डबा ठेवावा, गणवेश मापाप्रमाणे लावावेत, आणि ज्याला जो हवा तो त्याने कोणतीही विचारपूस न होता घरी न्यावा. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद व महिला मंडळे यांनी हे मनावर घेतल्यास खर्च अगदी नगण्य येईल.

आपल्या मुलाच्या कपड्याला आपण माया सोडतो ती तो वाढणार म्हणून. शेजारच्या मुलासाठीही तेवढीच माया आपल्या शिवणीत राहो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.