व्यायाम शिकवणाऱ्याचा दाखला पाहिलात का?

सोयाबीनची पिशवी घरी आणली की आपण आधी तिची चिठ्ठी पाहतो. निळी चिठ्ठी म्हणजे प्रमाणित बियाणे, पांढरी म्हणजे पायाभूत, आणि हिरवी म्हणजे सत्यप्रत, ज्याची हमी विकणाऱ्याने स्वतःच दिलेली असते. ज्या घरात एवढी बारकाई आहे, त्याच घरातला मुलगा तालुक्याच्या गावी जिममध्ये जाऊ लागतो, मुलगी भरतीच्या तयारीसाठी पहाटे अकादमीच्या मैदानावर जाते. त्यांना शिकवणारा कोण, तो कुठे शिकला, हे मात्र कुणी विचारीत नाही. फी किती, एवढेच विचारतात.

पूर्वी हा प्रश्न उठत नव्हता, त्याला कारण होते. तालमीतला वस्ताद गावचाच असे. कुणाचा खांदा उतरलेला, कुणाला दमा, कोण उपाशीपोटी बैठका काढतो, हे त्याला ठाऊक असे. त्याने तयार केलेले मल्ल हाच त्याचा दाखला. जिममधल्या शिक्षकापुढे रोज नवा माणूस उभा राहतो. त्याला तुमची ओळख नाही, तुम्हाला त्याची नाही. म्हणून कागदाची गरज पडते.

आता हा कागद कसला, ते नीट समजून घ्या. डॉक्टरला मेडिकल कौन्सिलकडे नाव नोंदविल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. जिममध्ये शिकवणाऱ्यावर आपल्या देशात तशी कायद्याची सक्ती नाही. उद्या कुणीही चार लोखंडी यंत्रे आणून 'ट्रेनर' अशी पाटी लावू शकतो.

इंग्लंडमध्येही कायद्याची सक्ती नव्हती. पण तिथे 2002 साली व्यायाम-शिक्षकांची एक नोंदवही सुरू झाली. तिच्यात पायऱ्या ठरवल्या होत्या. दुसऱ्या पायरीचा शिक्षक जिममध्ये साधा व्यायाम शिकवी. तिसऱ्या पायरीचा एकेका माणसासाठी वेगळा व्यायाम आखून देई. चौथ्या पायरीवर हृदयविकार, कंबरदुखी अशा दुखण्यांतून उठलेल्यांना व्यायाम देणारे जाणकार. नोंदवहीत नाव टिकवायचे तर शिकणे चालू ठेवावे लागे. पुढे हे काम तिथल्या सनदप्राप्त संस्थेकडे, सिम्स्पाकडे गेले.

आपल्याकडे 2013 साली केंद्र सरकारने कौशल्यांच्या पायऱ्यांचा राष्ट्रीय आराखडा काढला. आधी त्यात दहा पायऱ्या होत्या, 2023 साली त्या आठ केल्या. फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम या आराखड्यात चौथ्या पायरीवर बसवलेला आहे. इथेच पुष्कळ लोक फसतात. 'लेव्हल चार' असे जाहिरातीत वाचले की वाटते, मोठाच जाणकार. पण आपली चौथी पायरी आणि इंग्लंडची चौथी पायरी यांचा एकमेकींशी संबंध नाही. नुसत्या आकड्यावर जाऊ नका. कोणत्या देशाच्या शिडीची ती पायरी आहे, ते विचारा.

योगाची शिडी आणखी निराळी. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाकडे सामान्य योगाभ्यास शिकवणाऱ्यापासून योग शिक्षक व परीक्षक, आणि त्याही वर योग मास्टर, अशा पायऱ्या आहेत. लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. शाळेतल्या खेळाच्या मास्तरांना बी.पी.एड. लागते, ही पदवी घेतल्यानंतर दोन वर्षांची आहे. एखाद्या खेळाचा प्रशिक्षक व्हायचे तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका नावाजलेली आहे. ती संस्था 1961 सालची. आणि आपल्या अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर 1914 पासून हे काम करीत आले आहे. त्याचे पथक 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले होते. तेव्हा घरच्या मुलाला या धंद्यात पडायचे असेल, तर विद्या फक्त मुंबई-पुण्याच्या चकचकीत दुकानांतच मिळते असे समजू नका.

मुलाची फी भरण्याआधी मात्र खात्री करा. दाखल्यावर राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेचे, म्हणजे एनसीव्हीईटीचे, चिन्ह येणार का? परीक्षा कोण घेणार, शिकवणारी संस्थाच की बाहेरचा परीक्षक? दाखल्याचा क्रमांक सरकारी संकेतस्थळावर किंवा डिजिलॉकरमध्ये तपासता येईल का? 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द कुणालाही छापता येतो. काही परदेशी परीक्षा खरोखर चांगल्या आहेत. अमेरिकेच्या एसीई संस्थेचा दाखला दर दोन वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मधल्या काळात शिकत राहावे लागते. पण जिमच्या मालकाने स्वतःच छापलेला कागद म्हणजे हिरवी चिठ्ठी. माल चांगला असेलही, हमी त्याचीच.

शिकायला जाणाऱ्यांसाठी आणखी एक खूण सांगतो. शिकलेला शिक्षक वजन हातात देण्याआधी प्रश्न विचारतो. कॅनडात तयार झालेली सात प्रश्नांची यादी यासाठी जगभर वापरली गेली : हृदयाचा काही आजार आहे का, चालता-पळताना छातीत दुखते का, महिन्याभरात बसल्या जागी दुखले का, चक्कर येते का, हाडा-सांध्यांचे दुखणे आहे का, रक्तदाबाची वा हृदयाची गोळी चालू आहे का, व्यायाम न करण्याचे दुसरे काही कारण आहे का. पन्नाशीच्या वडिलांना हे न विचारता कुणी पहिल्याच दिवशी यंत्रावर पळवले, तर त्यांना घरी परत आणा.

भरतीच्या पोरांबद्दल काळजी जास्त वाटते. पोलीस शिपाई भरतीत मैदानाचे गुण पन्नास. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. एकेका गुणासाठी जीव तुटतो, आणि अशा वेळी कुणी 'ताकदीचे इंजेक्शन' पुढे करतो. स्टेरॉइड डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायचे असा कायदा आहे. व्यायामाच्या शिक्षकाला, मग तो कोणत्याही पायरीचा असो, ते द्यायचा अधिकार नाही.

अकादमीत मुलीचे नाव घालायला जाल, तेव्हा फीची पावती घेण्याआधी मैदानावर अर्धा तास उभे राहा. पळण्याआधी पोरांचे अंग मोकळे करून घेतात का, उन्हात पाणी देतात का, गुडघा दुखतो म्हणणाऱ्या पोराला शिक्षक बाजूला बसवतो की शिव्या देतो, ते पाहा. आणि कुणी बेशुद्ध पडले तर छाती दाबून हृदय चालू ठेवायला तो शिकला आहे का, हे त्याला सरळ विचारा. शिकला असेल तर त्याला राग येणार नाही.