भगवा फेटा, निळं चॅनल

परवा भोसरीत एका पोराने मोबाइल पुढे केला. "दादा, डिझाइन रेडी आहे, फक्त साइज करून द्या." वाढदिवसाचा फ्लेक्स. नेत्याचे केस मेणाचे, दाढी रंगवल्यासारखी, फेट्याचा तुरा मागच्या ढगात विरघळलेला. अ‍ॅपने एका बोटात बॅकग्राउंड उडवलं होतं. पोरगा खूश. डोकं फिरलं ते माझं.

फोटोशॉप १९९०चं, त्यात लेयर आले १९९४ला. तेव्हा आमच्याकडे पेंटरचं राज्य होतं, ते सोडून देऊ. २०१३नंतर सॉफ्टवेअर भाड्याने घ्यायची पाळी आली, त्या वर्षांतही सांगण्यासारखं फार नाही. साधारण २००२ ते २०१२ हा काळ मात्र आमचा. फ्लेक्स नवा होता. एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी, त्यामुळे त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. चाकणला कारखाने वाढले तशी व्हेंडरांची कॅटलॉगं यायला लागली. गिअरचा एकेक दात पेन टूलने कापायचा. कंटाळवाणं काम, पण पैसे वेळेवर.

खरी मजा फेटेवाला माणूस मागच्या आभाळातून कापण्यात. फोटोतला तांबडा, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळ्या चॅनलमध्ये काळ्या-पांढऱ्यात दिसतो. भगव्या फेट्यातला माणूस निळ्या आभाळापुढे उभा असला की तांबडं चॅनल उघडून उपयोग नाही. तिथे फेटा पांढराफटक पडतो. निळं उघडा: आभाळ उजळ, फेटा काळा, केसही काळे. त्या चॅनलची कॉपी काढायची, मूळ चॅनलला हात लावायचा नाही. लेव्हल्स ओढून काळं अजून काळं, पांढरं अजून पांढरं. गाल राखाडी राहतात, ते ब्रशने भरायचे. कानामागची बट मात्र राखाडीच ठेवायची, कारण मास्कमध्ये राखाडी म्हणजे अर्धवट दिसणं, आणि केसाची कड तशीच असते. मग उलटं करून सिलेक्शन, त्यावरून मास्क. पांढरा टी-शर्ट आणि उन्हाने पांढरं पडलेलं आभाळ आलं की तिन्ही चॅनलं हात वर करायची.

मास्कने काही पुसलं जात नाही, नुसतं झाकलं जातं. राजकारणाला याहून सोयीचं काय? निवडणूक आली की फोन यायचा, अमुक साहेब काढा. आम्ही लेयरचा डोळा बंद करायचो, डिलीट कधीच नाही. बरेच साहेब पुढे परत उघडावे लागले. "आमचा चेहरा शेजारच्यापेक्षा छोटा का?" म्हणून रात्री अकराला भांडायला आलेले शुभेच्छुक अजून लक्षात आहेत, त्यातल्या काहींची उधारीसुद्धा.

१७ एप्रिल २०२३ला किवळ्यात होर्डिंग कोसळून पाच जण गेले. वाऱ्यापावसात आडोशाला थांबलेली माणसं. केसाची कड बघत आमच्या रात्री गेल्या, बोर्डामागचा सांगाडा आमच्यापैकी कुणी बघितला नव्हता. त्याच वर्षी फोटोशॉपमध्ये नुसतं सांगून चित्र भरायची सोय आली.

आता फाइल येते ती व्हॉट्सअ‍ॅपवर दाबून निघालेली जेपीजी. निळं चॅनल उघडलं की केसांच्या जागी चौकोनी ठोकळे, कारण दाबताना रंगाचा तपशील आधी टाकला जातो. तेच वीस फुटांवर छापायचं, आणि प्रिंट खराब आली म्हणून पैसे कापायचे ते आमचे.