आयतालेखाबाहेरचा पाऊस

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगत, मुंबई-हावडा लोहमार्गावर दरेकसा आहे. भोवती डोंगर, जंगल आणि जवळच हाजरा धबधबा. इथल्या रोजच्या पावसाचा आयतालेख काढला, तर शून्याजवळचा आयत सर्वांत उंच येणार, कारण वर्षातले बहुतेक दिवस कोरडेच असतात. मुसळधार पावसाचे मोजके दिवस उजवीकडे दूरवर विखुरतात. धबधब्याला येणारा लोंढा आणि धानाच्या बांध्या फुटणं हे मात्र याच दिवसांच्या हाती असतं.

समजा, आकृती नेटकी दिसावी म्हणून आपण संगणकाला 0 ते 200 मिलिमीटर अशी मर्यादा घालून दिली. मग 250 मिलिमीटर पावसाचा दिवस कुठे जातो? या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक प्रोग्रॅम वेगळं देतो.

पायथनमधलं नमपाय आणि त्याच्या आधाराने आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब असा दिवस मोजतच नाहीत, आणि तसं सांगतही नाहीत. नेमका 200 मात्र आत धरला जातो. शाळेत आपण वर्गाची वरची मर्यादा पुढच्या वर्गात मोजतो. इथे शेवटचा वर्ग त्याला अपवाद आहे. खरा धोका पुढे आहे. वारंवारतेऐवजी घनता मागितली, तर उरलेल्या दिवसांचंच एकूण क्षेत्रफळ 1 केलं जातं. गळालेल्या दिवसांची खूणही राहत नाही आणि बाकीचे आयत थोडे फुगतात.

‘आर’ या भाषेतली मूळ आज्ञा, दिलेले वर्ग सगळ्या आकड्यांना पुरत नसतील, तर चूक दाखवून थांबते. मला हा कडकपणा आवडतो. त्याच भाषेतलं जीजीप्लॉट-2 अक्षाची मर्यादा ओलांडणाऱ्या नोंदी वगळतं, पण किती वगळल्या ते सांगतं. मॅटलॅबची जुनी आज्ञा बाहेरचे आकडे टोकाच्या आयतांत कोंबते, त्यामुळे शेवटचा आयत विनाकारण उंच दिसतो. एक्सेलमध्ये ‘200 पेक्षा जास्त’ असा वेगळा आयत मागता येतो.

सगळ्यांत विलक्षण सोय जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात घडलेल्या ‘रूट’ची आहे. आपण 100 वर्ग मागितले की ते 102 ठेवतं. शून्य क्रमांकाच्या वर्गात मर्यादेखालचे आकडे जातात, 101 क्रमांकाच्या वर्गात वरचे. हे दोन वर्ग एरवी चित्रात दिसत नाहीत, पण नोंदींच्या एकूण संख्येत ते धरलेले असतात.

भारतीय हवामान विभागाच्या प्रतवारीतही असाच वर उघडा वर्ग आहे: 24 तासांत 204.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला सुमारे 944 मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला मात्र 75 च्याही आत. या प्रतवारीत सांताक्रूझचे 944 आणि कुठले तरी 205 शेजारी बसतात. ‘रूट’चा 101 क्रमांकाचा वर्गही त्यांना दोन नोंदी म्हणूनच मोजेल. म्हणून अशा आलेखाखाली सर्वांत मोठा आकडा वेगळा छापायला हवा. आयतालेखात वारंवारता क्षेत्रफळातून दाखवायची असते. उघड्या वर्गाला रुंदीच नसल्यामुळे त्याच्या आयताची खरी उंची काढताच येत नाही.